नाशिक ते नामपूर, ओवीला छातीशी बांधून

ओवीला नामपूरला पोचवायचं ठरलं, तेव्हा घरात एकच चर्चा होती: गाडी करायची की एसटीने जायचं. मी एसटी म्हणाले. गाडीने फार लवकर पोचलो असतो.

ओवी माझ्या धाकट्या बहिणीची, मधुराची मुलगी. मधुरा बाळंतपणात गेली. तेव्हापासून ओवी इंदिरानगरला माझ्याकडेच होती. आता ती बसायला लागली होती आणि नामपूरला तिचे बाबा नीलेश आणि आजी तिची वाट बघत होते. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. मूल त्यांचं.

अडचण झोपेची होती. ओवी फक्त माझ्या अंगावर झोपायची, पाळण्यात ठेवलं की टक्क जागी. शेवटी मधुराने सातव्या महिन्यात मागवलेलं पार्सल उघडलं. बाळाला अंगाशी बांधायचं कापड, सूत आणि लोकर एकत्र विणलेलं, गडद हिरवं, साडीइतकं लांब. इतके दिवस मला ते उघडवलं नव्हतं.

नवं कापड फार ताठ असतं. ते मऊ व्हावं म्हणून मी त्यावर झोपले, त्याच्या वेण्या घातल्या, सोडल्या. बांधायचा सराव आधी गव्हाच्या पिठाच्या पिशवीवर केला. (तुम्हीही तसंच करा, पीठ रडत नाही.) कापडाचा मध्य छातीवर, दोन्ही टोकांची पाठीवर फुली, मग ती खांद्यांवरून पुढे, बाळाच्या बुडाखाली पुन्हा फुली आणि मागे गाठ. बाळाचं नाक दिसलं पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये, आणि मान न वाकवता कपाळाची पापी घेता आली पाहिजे. लोकरीमुळे खांदा काचत नाही आणि थंडीत वेगळी शाल लागत नाही. मात्र ऊन चढलं की आत घाम येतो. बाळाला आत पातळ सुती झबलंच घाला.

जानेवारीतल्या सकाळी जुन्या सीबीएस स्टँडवरून सटाण्याची गाडी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, बाळाला लागत नाही. कंडक्टर माझ्या पुढ्यातल्या फुगवट्याकडे बघत म्हणाला, "ताई, आत कोणी बारा वर्षांचं लपवलं नाही ना?" ओवीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि तो हसत पुढे गेला. पिंपळगाव येईपर्यंत ती झोपली. खिडकीजवळ बसू नका, वारा लागतो. मधली जागा घ्या आणि जिथे गाडी थांबेल तिथे उभं राहून पाठ मोकळी करा.

चांदवडला एक बाई शेजारी येऊन बसल्या, मांडीवर मेथीच्या जुड्या. त्यांना ते कापड फार आवडलं. लय भारी हाय, म्हणाल्या, आमच्या टायमाला असतं तर माझी कंबर वाचली असती. मग विचारलं, इतक्या उशिरा झालं का तुम्हाला? मी म्हणाले, माझी नाही, मी मावशी.

"मंग काय," त्या ओवीच्या पायावर हात ठेवून कौतुकाने म्हणाल्या, "माय मरो पण मावशी उरो."

ही म्हण मी शेकडो वेळा ऐकली आहे. मधुरा तर मला चिडवायला वापरायची, की माझ्या पोरांना तूच आवडणार, म्हणच आहे तशी.  मी ओवीच्या डोक्यावर हनुवटी टेकून बसले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांना कळलं. त्यांनी पायावरचा हात काढला, पुन्हा ठेवला.  देवळ्याला उतरताना त्यांनी एक जुडी माझ्या पिशवीत खोचली.

सटाण्याला गाडी बदलावी लागते. स्टँडबाहेर चहा बरा मिळतो. तिथून नामपूरच्या वाटेवर कांद्याचे ट्रॅक्टर असतात, घाई करू नका.

ओवीची आजी, जिजी, दारातच उभ्या होत्या. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि कापड चाचपत म्हणाल्या, "हाई लुगडं शे का? दम कोंडाई जाई ना पोरना." जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि भरीत होतं. ते उत्तम होतं असं नीलेश मला नंतर म्हणाला. मला चव आठवत नाही.

दोन दिवस मी जिजींना बांधायला शिकवत होते. त्यांच्या मागे उभी राहून एकेक पदर ओढून घट्ट करायचे. त्यांची उंची कमी, कापड गुडघ्यापर्यंत लोंबायचं. ओवी माझा आवाज ऐकला की माझ्याकडे झेपावायची. नीलेश चाचरत म्हणाला, "ताई, तुम्ही जरा गच्चीवर बसता का?"

मी गच्चीवर जाऊन बसले. खाली ती किती वेळ रडली कोण जाणे. मी पायरीपर्यंत येत होते, परत जात होते. मग रडणं थांबलं. याचसाठी आले होते मी, आणि ते थांबल्यावर मला उठवेना.

दुसऱ्या सकाळी ती झोपेत असतानाच निघाले. परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली.

आता घरी येऊन आठवडा होऊन गेला. काही जणींनी विचारलंय, कापड घ्यावं का? घ्या. ते वजन खांद्यावर येऊ देत नाही. उतरवल्यावरचं वजन मात्र कोणी सांगत नाही.

काल जिजींचा फोन आला. ओवी त्यांच्याजवळ झोपते, रात्री एकदाच उठते. मग त्या म्हणाल्या, "कापडले दूधना वास येस. धुई टाकू का? पण मंग तुना वास बी निंघी जाई."

"धुवा," मी म्हणाले. "थंड पाण्यात. पिळू नका, आणि सावलीत वाळू द्या."