तोडीची पाळी आणि आमचा कॉम्प्युटर

साखर कारखान्याच्या शेती ऑफिसात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते चपला बाहेर काढून आपणहून आत येतात. त्यात कुणाचा ऊस आधी तोडायचा हे ठरवणारं सॉफ्टवेअर आलं, मग तर विचारूच नका. ते चालवते मी, त्यामुळे शिव्यांची पहिली मानकरीही मीच.

सुरुवातीला पुण्याहून निनाद नावाचा इंजिनिअर आला. ऊस कुठला पिकलाय, ट्रॅक्टर कुठून जवळ पडेल, सगळं मशीन बघेल, तुम्ही फक्त अडचणी सांगा, म्हणाला. आमच्या घाडगे साहेबांनी सांगायला घेतलं: बाजारचा दिवस, गावची जत्रा, पाऊस, भावकी. निनादने विचारलं, यातल्या हार्ड कुठल्या आणि सॉफ्ट कुठल्या? म्हणजे अजिबात मोडता न येणाऱ्या आणि सांभाळून घेता येणाऱ्या.

साहेबांनी जरा विचार केला. "पाऊस सॉफ्ट. भावकी हार्ड."

*

मशीनने एका ट्रॅक्टरला सगळ्यात जवळचा रस्ता दिला. नकाशात तो सरळ नदीपलीकडे जात होता. रहिमतपूरच्या अलीकडून ड्रायव्हरचा फोन आला, आवाज अगदी शांत.

"ताई, बंधाऱ्यावर उभा हाय. हितनं मोटारसायकल जाती. ट्रॅक्टर डोक्यावर घिऊ का?"

*

एका रिटायर्ड सुभेदारांच्या आधी त्यांच्या शेजाऱ्याचा नंबर लागला. सुभेदार ऑफिसात आले, कॉम्प्युटर पुढून-मागून बघितला आणि हा कुणाच्या पार्टीचा, असं विचारलं. कुणाच्याच नाही, मी म्हटलं.

"मग ह्याला निवडून कुणी दिला?"

*

आता आप्पा आणि बापूंचा किस्सा. सख्खे भाऊ, आप्पा थोरले, पण बांधावरून भांडले आणि बोलणं बंद. आप्पांचा ऊस रस्त्याकडेला, बापूंचा त्याच्या मागे. मशीनने बापूंचा नंबर आधी लावला, कारण त्यांच्या उसाला तुरे आले होते. आणखी थांबला असता तर वजन घटून वर्षाची मेहनत मातीत गेली असती. पण ट्रॅक्टर जाणार कुठून? मध्ये आप्पांचा उभा ऊस!

अशा वेळी पुढच्याने आपल्या चार सऱ्या तोडून वाट द्यायची, ही आमच्याकडची रीत. पण ती बोलणाऱ्यांत. बापू ऑफिसात येऊन बसले. आप्पांकडे एक शब्द टाका म्हटलं, तर वाळू दे माझा ऊस, म्हणाले. डोळे मात्र भरले होते. मला फार वाईट वाटलं.

शेवटी मीच आप्पांना फोन लावला. भावाचं नाव काढलं नाही. तुमच्या उसामुळे आमच्या कॉम्प्युटरचं काम अडलंय, एवढंच सांगितलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणीची टोळी पोचली, तर आप्पांच्या उसातून ट्रॅक्टर जाईल एवढी वाट पडलेली. आप्पा कोयता घेऊन बांधावर उभे. टोळीच्या मुकादमाला म्हणाले, "कुणासाठी केलं न्हाई. कॉम्प्युटर अडला म्हणं."

मुकादमाने ते बापूंना जसंच्या तसं सांगितलं. ऊस कारखान्यात पोचला आणि संध्याकाळी बापूंचा मला फोन आला.

"ताई, तुमच्या त्या कॉम्प्युटरला म्हणावं, उद्या आमच्याकडं जेवायला या. आन येताना वैनीस्नीबी घिऊन या."