सांग तुझ्या आजीला
आमच्या चाळीत तान्ही पोरं रडत नसत. पाहुणे कौतुक करायचे, किती शहाणी लेकरं! कसली शहाणी? अफूची गोळी पोटात गेली की कुणीही शहाणं होतं. बाळगोळी म्हणत तिला, मोहरीएवढी. सोलापुरात गिरणीत जाणाऱ्या बायका सकाळी आपल्याच दुधात उगाळून ती लेकराला चाटवायच्या आणि भोंग्याला निघायच्या. मीही चाटवायचे. लेकरू गिरणीत नेता येत नसे, आणि घरी बसावं तर चूल पेटत नसे.

शेजारच्या खोलीत सासू-सून राहायच्या. मुलगा होटगीला रेल्वेच्या कामावर, रविवारी तेवढा उगवायचा. सून माझ्याबरोबर गिरणीत, आणि सासू तान्ही नात सांभाळायची. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. महिन्यातले निम्मे दिवस अबोला. पण अबोला धरला तरी तोंडं बंद नसत. सगळा कारभार नातीच्या मार्फत चाले.

"सांग गं तुज्या आजीला, भाकरी झाकून ठिवल्यात."

"तुज्या आईला म्हणावं, मला डोळं हायती."

पोरगी दोघींकडे बघून खिदळायची. भिंतीअलीकडे मी आणि माझी सासूही हसायचो.

त्या सकाळी अबोला चालूच होता. मिठावरून की पाण्यावरून, देव जाणे. सासू नळावर गेली असताना सुनेनं गोळी चाटवली आणि पोरगी झोळीत झोपली. एरवी सून म्हणायची, "सांग आजीला, गोळी झाली." पण सासू परतली तेव्हा पोरगी झोपलेली. झोपलेल्या लेकराशी बोलायचं कसं? आणि सासूशी आपण होऊन बोलायचं म्हणजे हार. इतक्यात भोंगा झाला. सून तशीच निघाली.

पोरीला दात येत होते. थोड्या वेळानं ती जागी होऊन किरकिरू लागली. सून गोळी द्यायची विसरली असं वाटून म्हातारीनं दुसरी चाटवली.

दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघी पाजायला धावत आलो. पोरगी दूध ओढेना. नाकाशी कांदा धरला, तळवे चोळले, गार पाणी मारलं. श्वास यायचा, मग बराच वेळ यायचाच नाही. टांगा आणायला माणूस पळाला. टांगा आला तेव्हा त्याचं काम उरलं नव्हतं. मी माझं पोर छातीशी धरून नुसती उभी होते. काही म्हणजे काही करता आलं नाही.

हवालदारानं विचारलं, "गोळी कुणी दिली?"

सासू-सून एकदमच म्हणाल्या, "म्या."

चाळीत कुजबुज सुरू झाली, पोरगी नको होती म्हणून मुद्दाम दिली. त्या जिभांना डाग द्यावा असं मला वाटलं. त्यांच्याही घरात गोळ्यांची तीच डबी होती.

पोटाला सुतक नसतं. सून पुन्हा कामावर निघाली तेव्हा मी हाक मारायला गेले. झोळी अजून कुणी सोडली नव्हती. तिनं पदर खोचला, सवयीनं झोळीकडे वळली, "सांग गं आजीला..." आणि थांबली.

चुलीपुढून म्हातारी म्हणाली, "मला सांग की, बाई. काय ते आता मलाच सांग."

सून झोळीकडेच बघत राहिली. भोंगा झाला. माझं पोर घरात माझ्या सासूपाशी होतं. निघता निघता मला दारातून ओरडावंच लागलं, "आत्याबाई, गोळी दिलीया बरं का!"

दोन्ही खोल्यांत ते ऐकू गेलं.