बूटमास्तरांची करंगळी

बूटमास्तरांना त्यांची बायको मारते, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा कोणी सोडली हे आता कोणी कबूल करणार नाही. पुरावा मात्र भक्कम होता. दर रविवारी सकाळी माणूस ताठ मानेनं, शीळ घालत घराबाहेर पडायचा आणि दुपारी परतायचा तो लंगडत, भिंतीचा आधार घेत, ओठ दाताखाली धरून. दुकानावरच्या घराचा जिना चढताना दर पायरीला एकेक ‘आई गं’ सोडायचा. मग दार उघडायचं, आतून मास्तरीणबाईंचा आवाज यायचा, “आलात? या, दाखवा!” आणि दार बंद. त्यानंतर जे ऐकू यायचं त्याला किंचाळणं म्हणता आलं नसतं, पण गाणंही म्हणता आलं नसतं. याहून कमी पुराव्यावर या गल्लीनं दोन ठरलेली लग्नं मोडली आहेत.

खरी गोष्ट अशी, की मास्तरीणबाईंनी नवऱ्यावर आजवर काही उचललं असेल तर ती फक्त भुवई. तो आवाज गार पाण्याच्या बादलीत पाय बुडवल्याचा होता. आणि पायांची ती दशा केली होती सायकलनं.

सायकल मास्तरांच्या आयुष्यात आली ती डोळ्यांच्या डॉक्टरमुळे. छत्तीस वर्षं हा माणूस बूट शिवत आला, म्हणजे छत्तीस वर्षं त्यानं हातभर अंतरावरचं जग पाहिलं. रस्त्यात कोणी समोर आलं तर मास्तर तोंडाकडे बघायचेच नाहीत. खाली बघून म्हणायचे, “अरे, तुम्ही होय! अजून टाच आतल्या बाजूनंच झिजवताय?” शेवटी डॉक्टरनं चष्म्याचा नंबर वाढवला आणि बजावलं, “मास्तर, जरा लांबचं बघत जा.” दुसरा कोणी गच्चीत जाऊन बसला असता. मास्तरांनी निळ्या रंगाची सायकल घेतली आणि चौपन्नाव्या वर्षी रविवारच्या सायकल मंडळात नाव घातलं.

मंडळाचे पुढारी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब. गळ्यात शिट्टी असते म्हणून सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. वर्षातून एकदा ते सगळ्यांना समुद्राकाठच्या दीपगृहापर्यंत नेतात. पल्ला नव्वद किलोमीटरचा. येताना माणसं आणि सायकली दोन्ही टेम्पोत. जाताना मात्र स्वतःच्या पायांवर. मास्तर दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा साठाव्या किलोमीटरला, कौलांच्या कारखान्याजवळ, त्यांचे पाय पेटले. आधी तळव्याखाली कोणी गरम इस्त्री ठेवल्यासारखं व्हायचं, मग बोटं बधिर व्हायची, आणि मग आपल्याला बोटं आहेत की नाहीत तेच कळेनासं व्हायचं. दोन्ही वेळा मास्तर मागून येणाऱ्या टेम्पोत चढले आणि पाण्याच्या पिंपांमध्ये मांडी घालून दीपगृहाला पोचले. वर चढायला मात्र त्यांनी नकार दिला. खाली उभे राहून म्हणाले, “दिसतंय की इथूनही.” दिसत होता फक्त जिना.

या वर्षी त्यांनी भर दुकानात जाहीर केलं, “आता तिसरी आणि शेवटची खेप. पुन्हा टेम्पोत बसावं लागलं तर सायकल विकून टाकीन.”

मास्तर रागानं बोलले असतील असं समजू नका. ते जोडा शिवता शिवता, मान वर न करता बोलले, आणि म्हणूनच मास्तरीणबाईंच्या हाताखालची मशीन थांबली. बाई दुकानाच्या मागच्या भागात बसून बुटांची वरची चामडी शिवतात. गेल्या चार वर्षांत रविवारी संध्याकाळी नवरा काय काय सांगतो हे त्यांना ठाऊक होतं. कालव्यावरचा पूल, खांबावर बसलेला पक्षी, लांबून दिसणारी रेल्वे. त्याआधीची बत्तीस वर्षं त्यानं संध्याकाळी फक्त टाचांबद्दल सांगितलं होतं. सायकल गेली तर पुन्हा टाचा!

ऐकणाऱ्यांत समोरचा औषधवालाही होता. त्याचा त्या निळ्या सायकलवर दोन वर्षांपासून डोळा. घोषणा ऐकल्यापासून मास्तरांच्या पायांची त्याला फारच काळजी वाटू लागली. त्यानं स्वतःहून एक मलम आणून दिलं. मास्तरीणबाईंनी ते दाराच्या बिजागरीला लावलं. बिजागरी वाजायची थांबली.

उपाय सुचवणाऱ्यांना या गल्लीत तोटा नाही. न्हाव्यानं दोन मोजे घालायला सांगितलं. त्यामुळे इस्त्री साठाव्याऐवजी चाळिसाव्या किलोमीटरलाच आली. कॅप्टननी घरी येऊन समजावलं, “मास्तर, सायकलचे खास बूट मिळतात. दुकानातनं एक जोड आणा आणि मोकळे व्हा.”

“दुकानातले?” मास्तरांनी अशा सुरात विचारलं, जसं दुसऱ्या कोणी ‘चोरीचे?’ असं विचारलं असतं. “कॅप्टन, निम्म्या गावाचे पाय मी झाकलेत. आणि मी माझे पाय दुसऱ्याच्या बुटात घालू?”

आता इथे मास्तरांचा एक नियम सांगायला हवा, ज्यापायी गिऱ्हाइकं वैतागतात आणि तरी परत येतात. बूट शिवायला टाकायचा तर पायाचं माप नव्यानं द्यायचं. मागच्याच वर्षी दिलं होतं ही सबब चालत नाही. मास्तर म्हणतात, “तो मागच्या वर्षीचा पाय होता.” माप द्यायला संध्याकाळीच यायचं, दिवसभर चालून पाय फुगलेले असताना. कागदावर उभं राहायचं, मास्तर भोवतीनं पेन्सिल फिरवतात, आणि तोवर गिऱ्हाइकानं बोलायचं नाही. वकील असो, डॉक्टर असो, कोणालाही यातून सूट नाही.

सूट होती एकाच माणसाला. खुद्द मास्तरांना. ते स्वतःचे बूट काचेच्या कपाटातल्या फर्म्यावर शिवायचे. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, ज्यावर चामडं ताणून बूट घडवतात. मास्तरांच्या फर्म्यांचा जोड त्यांच्या उस्तादांनी कोरला होता. शिकाऊपण संपलं त्या दिवशी उस्तादांनी तो हातात ठेवला आणि म्हणाले, “आता तू कारागीर. हे घे, तुझे पाय.” उजव्या फर्म्यावर, बाहेरच्या अंगाला, करंगळीपाशी त्यांनी आपली खूण कोरली होती. नखाएवढी चांदणी. मास्तर त्या जोडाला वर्षातून एकदा तेल पाजतात.

एका रविवारी सराव करून मास्तर लंगडत आले. बादली भरलेली नव्हती. तिच्या जागी जमिनीवर कागद पसरलेला होता आणि मास्तरीणबाई हातात पेन्सिल घेऊन बसल्या होत्या.

“उभे राहा.”

“कशाला?”

“मोजे काढा आणि कागदावर उभे राहा.”

“अगं, माझं माप मला माहीत नाही होय?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

मास्तर उभे राहिले. दमलेला माणूस फार भांडत नाही. पण पेन्सिल फिरायला लागली तशी त्यांची मान खाली वाकली. “सरळ धर पेन्सिल. आत झुकवतेस.”

“गिऱ्हाइकानं बोलायचं नसतं.”

मग बाईंनी कपाट उघडून फर्मे काढले आणि कागदावरच्या पावलांवर ठेवले. चहूबाजूंनी मास्तरांचे पाय बाहेर डोकावत होते. लहान टेबलावर भलं मोठं कापड अंथरावं तसे.

“हा कुणाचा पाय?” बाईंनी कागदावर बोट ठेवलं.

“माझा.”

“आणि हा लाकडी?”

मास्तरांनी फर्म्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “तोही माझाच होता.”

उपाय दोघांनाही ठाऊक होता. कोणा गिऱ्हाइकाचं अंगठ्याजवळचं हाड वाढलं, पंजा पसरला, की मास्तर त्याच्या फर्म्यावर तेवढ्याच ठिकाणी चामड्याचे तुकडे चिकटवून त्याला रुंद करतात. पण बाईंनी तसं सुचवल्याबरोबर ते उसळले. “उस्तादांच्या कामाला ठिगळ लावू?”

“उस्तादांच्या कामात खोट कुठे आहे? त्यांनी बावीस वर्षांच्या पोराचे पाय घडवले, अगदी बरोब्बर घडवले. पोराला पोट सुटलं, केस गेले, पाय पसरले, त्याला ते काय करणार?”

दोन दिवस मास्तर बायकोशी बोलले नाहीत. म्हणजे मशीनशी बोलले. “त्या मशीनला म्हणावं, काळा दोरा संपलाय.” मशीन उत्तर द्यायची, “खणात आहे म्हणावं, डोळे उघडून बघा.” तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गोंदाचा डबा स्वतःच खाली काढला.

बूट मात्र त्यांनी असे केले, की बघत राहावं. आधीच्या जोडाचा तळ इतका मऊ होता, की मास्तर तो रुमालासारखा दुमडून दाखवायचे. चालायला तो सुखाचा, पण सायकलवर पायडलचा प्रत्येक दात थेट तळव्याला लागायचा. या वेळी त्यांनी तळात टणक चामड्याची पट्टी घातली आणि पंज्यापाशी ऐसपैस जागा सोडली. सगळीकडे सोडली, एक ठिकाण वगळून. उजव्या फर्म्यावर करंगळीपाशी जिथे चांदणी होती, तिथे त्यांच्या हातून तुकडा चिकटवला गेला नाही. एवढ्याशानं काय होतंय, चामडं देईल जागा, असं त्यांनी स्वतःला पटवलं.

बाईंच्या हातात वरची चामडी आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. “उजव्याला बाहेरून कमी दिलंय?”

“माझा उजवा पाय जरा नेटका आहे.”

बाईंनी भुवई उचलली आणि शिवायला घेतलं.

ठरल्या रविवारी सतरा सायकली निघाल्या. तिसाव्या किलोमीटरला मास्तर गुणगुणत होते. पन्नासाव्याला त्यांनी कॅप्टनना ओलांडलं आणि मुद्दाम घंटी वाजवली. तळवे थंड होते, डावा पाय तर घरी पडल्यासारखा आरामात होता. कौलांच्या कारखान्याची चिमणी आली, मागे गेली, आणि मास्तरांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

त्रेसष्टाव्या किलोमीटरला उजव्या करंगळीला मुंगी चावली. पुढच्या वळणावर मुंगीचा निखारा झाला. मास्तरांनी पाय वाकडा धरून पाहिला, टाचेनं पायडल मारून पाहिलं, नाडी सैल केली. निखारा फुलतच गेला. बाकीची मंडळी पुढे निघून गेली. अखेर मास्तर उतरले आणि रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसले. मागचा टेम्पो शेजारी येऊन थांबला. ड्रायव्हर अनुभवी. काही न विचारता त्यानं मागची फळी खाली सोडली.

“चला काका. तुमची नेहमीची जागा ठेवलीय. या वेळी उशीपण आणलीय.”

त्या उशीनं मास्तरांचा जीव जळला. टोमणा असता तर परतवता आला असता, पण तो माणूस खरंच मायेनं बोलत होता. मास्तरांच्या डोळ्यांपुढे आली ती निळी सायकल, औषधवाल्याच्या दारात, हँडलला टोपली लावलेली. त्यांनी बूट काढून मांडीवर घेतला. चार आठवड्यांचं काम. बाईंची एकसारखी बारीक शिवण. आजवर त्यांनी पुरा झालेला बूट कधी कापला नव्हता, गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी नाही.

मग त्यांनी सीटखालच्या पिशवीतून रापी काढली. चामडं कापायची ती छोटी सुरी ते कंगव्यासारखी जवळ बाळगतात.

“काका, काय करताय?”

“माप घेतोय.”

मास्तरांनी पाय पुन्हा बुटात घातला, अंगठ्यानं बाहेरून चाचपत करंगळी कुठे आहे ते पाहिलं, नखानं खूण केली, बूट काढला आणि त्या खुणेवर अर्धचंद्र कापला. रापीला धार होती, आवाजही झाला नाही. “माफ करा, उस्ताद,” ते पुटपुटले.

“माझी माफी कशाला काका?” ड्रायव्हर म्हणाला. “पण उशीचं काय करू?”

“तू बस तिच्यावर.”

उरलेले पंचवीसेक किलोमीटर मास्तरांची करंगळी करड्या मोज्यासकट बुटातून बाहेर डोकावत, वारा खात आली. ते सगळ्यांच्या शेवटी पोचले. कॅप्टननी गाल फुगवून शिट्टी फुंकली, आणि मग त्यांचं लक्ष खाली गेलं.

“मास्तर, अहो नवा बूट फाटला!”

“फाटत नाही माझा बूट. कापलाय. कड बघा, किती साफ आहे.”

कॅप्टननी बाकावर जागा करून दिली. “या, टेका जरा.” मास्तर म्हणाले, “नको, उभाच बरा.” आणि कोणी आग्रह करायच्या आत ते जिना चढायला लागले. एकशे चाळीस पायऱ्या. वर पोचल्यावर त्यांनी चष्मा पुसला. समोर पाणी होतं, त्यावर एक गलबत, आणि त्याच्याही पलीकडे काहीतरी होतं, जे काय आहे ते ओळखू येत नव्हतं, इतकं ते लांब होतं. मास्तर ते बघत बराच वेळ उभे राहिले. मग खिशातून फोन काढून घरी लावला.

मास्तरीणबाई फोनशेजारीच बसल्या असणार, कारण पहिली घंटी पुरती वाजलीच नाही. “कशावरनं पोचलात?”

“सायकलवरनं.”

“पुरते?”

“पुरता. वरती उभा आहे.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाई दुकानात कोणाला तरी म्हणाल्या, “सायकल विकायची नाही हो आमची. औषधं विका तुम्ही.” आणि पुन्हा फोनवर आल्या. “आणि पाय कसे आहेत? तो नेटका, उजवा?”

“पाय अगदी मजेत आहेत गं. आता आठवडाभर बसू कशावर, तेवढं सांग.”