सायीच्या रंगाची कर्दळ

...तर स्वयंपाक्याने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि माळीदादांनी आत डोकावून पाहिलं, इथवर काल आलो होतो. आत काय, तर कर्दळीचे गड्डे! सोलून, चिरून, मऊसूत शिजलेले.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो, माळीदादा म्हणजे आमच्या इस्पितळाचे माळी. मी तिथल्या लाँड्रीत चादरी धुवायचो. धुण्याचं सगळं पाणी मागच्या चरात साचायचं आणि असा वास सुटायचा, की खाटेवरचा रोगी उठून पळत सुटेल. दादांनी त्या चरात कर्दळ लावली. बोरूसारखे सरळ दांडे, सुपाएवढी पानं. साबणाचं पाणी पिऊन ती वर्षभरात पुरुषभर उंच झाली आणि वास कुठल्या कुठे गेला. कर्दळीचा विषय निघाला की दादांना आवरणं कठीण. "ऊन द्या, ओल द्या, दर तिसऱ्या वर्षी गड्डे काढून वेगळे लावा, की झालं! आणि अडीनडीला गड्डा उकडून खाताही येतो, कळलं का?" स्वयंपाकी येऊन जेमतेम महिना झाला होता, पण एवढं त्याचंही पाठ झालं होतं.

दादांना एकच लेक, आईविना वाढलेली. शाळा सुटली की ती चरावर हजर. एकदा तिने केसांतल्या आकड्याने पिवळ्या फुलातले परागकण लाल फुलाला नेऊन लावले. धरलेलं बी पेरलं, तर एका रोपाला फूल आलं ते दुधावरच्या सायीच्या रंगाचं, आत बारीक लाल ठिपके. खोटं कशाला सांगू, डॉक्टरसुद्धा बघायला यायचे. एकोणिसाव्या वर्षी पोर तापाने गेली, आमच्याच इस्पितळात. मागे त्या रोपाचं वाढलेलं एक बेट उरलं. बाकीच्या कर्दळीचे गड्डे दादा मागेल त्याला द्यायचे, त्या बेटाचा तुकडासुद्धा नाही. मी एकदा मागितला, तर म्हणाले, "माझी लेक काय वाटायची आहे?"

त्या दिवशी बेट फार दाटलं म्हणून त्यांनी ते मुळापासून काढलं. गड्डे सुटे केले, कापलेल्या जागी राख लावली, टोपली स्वयंपाकघराच्या भिंतीशी सावलीत ठेवली आणि खत आणायला गेले. परतले तर टोपली रिकामी.

"दादा, तुम्हीच म्हणायचात ना, खातात म्हणून? मला वाटलं, माझ्यासाठीच आणून ठेवलेत!" स्वयंपाक्याने हसत बशी पुढे केली.

दादांनी एक फोड तोंडात घातली. कितीतरी वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "मीठ कमी पडलंय." आणि बाहेर नळावर हात धुवायला गेले. हात धुऊन झाले, तरी नळ बंद करेनात. शेवटी मी केला.

मग आम्ही दोघांनी खताचा खड्डा उपसला. त्या बेटाचे गेल्या हंगामात छाटलेले दांडे खाली दबलेले सापडले. त्यांच्या काटेरी बोंडांत नऊ बिया निघाल्या, काळ्या आणि छऱ्यासारख्या टणक. दादांनी एकेक बी आतला पांढरा भाग दिसेपर्यंत कानशीवर घासली, दिवसभर कोमट पाण्यात भिजवली आणि पेरली. मी आपला खूश, की फूल वाचलं. दादा म्हणाले, "गड्डा लावला तर तेच झाड येतं. बियातून काय निघेल, त्याचा नेम नाही."

चार रोपं आली. त्यांच्यावर दादांनी गोणपाटाची सावली केली, गोगलगायी हाताने वेचल्या. चौथ्या महिन्यात तीन फुलली. तिन्ही लाल, चरात शेकड्यांनी होती तशी. दादा चौथ्याची कळी बघत राहिले. त्या आठवड्यात त्यांचा डबा रोज तसाच घरी जायचा.

एका सकाळी ती उमलली. तीही लालच.

दादा उकिडवे बसले आणि त्या रोपाच्या पानावरची धूळ अंगठ्याने पुसू लागले. मला त्या रोपाचाच राग आला. म्हटलं, "दादा, उपटून टाकू का? जागा तरी मोकळी होईल."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "राहू दे रे. आईवर गेलं नाही म्हणून लेकराचं पाणी तोडतात का? जा, झारी भरून आण."