पस्तिशीतला मोतीबिंदू

दुसरी मोठी लढाई संपत आली होती, त्या वर्षी आमचं केडगावात शिवणाचं दुकान होतं. यजमान पस्तिशीचे, हात सफाईचा. त्यांना एकाएकी तहान लागू लागली. तांब्यावर तांब्या पाणी रिचवायचे आणि सारखे मोरीकडे जायचे. अंगावरचं मांस झडलं. सासूबाई म्हणाल्या, अशक्तपणा आलाय. आणि रोज गुळाचा शिरा करून घालू लागल्या. त्यांच्या लघवीला मोरीत मुंग्या लागतात, हे मी दोघांनाही सांगितलं.

"असल्या गोष्टी बोलतीस, लाज न्हाई वाटत व्हय?" यजमान म्हणाले. मी मोरीत पाणी ओतून मुंग्या धुऊन टाकल्या.

वर्ष सरायच्या आत त्यांची दोन्ही बुबुळं पांढुरकी दिसू लागली. सुईत दोरा मी ओवून द्यायची. मग कापडावरची खडूची रेघही त्यांना दिसेना. काष्टीच्या बाजारात डोळे करणारा एक फिरस्ता यायचा. सासूबाईंनी त्यालाच घरी आणलं. त्याने उजव्या डोळ्यात सुई घालून आतला मोतीबिंदू खाली ढकलला. यजमानांनी माझी बोटं मोजून दाखवली; सासूबाईंनी आळीत पेढे वाटले. चौथ्या दिवशी डोळा पिकला आणि कायमचा गेला.

तेव्हा कुठे नगरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लघवीत निळं औषध घालून नळी तापवली. आतलं पाणी विटेसारखं लाल झालं.

"मोतीबिंदू म्हाताऱ्यांनाच होतो असं नाही, बाई. यांना मधुमेह आहे. रक्तातली साखर डोळ्याच्या भिंगातही उतरते आणि भिंग गढूळ होतं. साखर खाली आल्याशिवाय मी डाव्या डोळ्याला हात लावणार नाही."

परतताना टांग्यात यजमान म्हणाले, "तुला मुंग्या दिसत हुत्या, तर नेट लावून सांगायचं हुतं." सासूबाईंनी मान डोलावली. वाटलं, इथंच उतरावं आणि माहेरच्या रस्त्याला लागावं. उतरले नाही.

इन्शुलिन पुण्याहून यायचं. कधी मिळायचं, कधी नाही. सुई उकळून टोचायला मीच शिकले. टोचताना ते शिव्या द्यायचे. शिरा बंद केला, तर सून लेकाला उपाशी मारतीय, असं सासूबाई घरोघर सांगत फिरल्या.

साखर खाली आली आणि सहा महिन्यांनी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा आला. तो लावून यजमानांनी मला निरखून पाहिलं.

"लई वाळलीस गं."

मी उठून चुलीपाशी गेले. पुढं अकरा वर्षं, ते जाईपर्यंत, मी त्यांना सुई टोचत राहिले. बोलले मात्र कामापुरतंच.