न उसळणारी बाटली आणि भानुदासराव

भानुदासरावांची आणि माझी ओळख जालन्याच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या शेडमध्ये झाली. मी इंग्रजी पत्रं लिहून द्यायला गेलो होतो, आणि ते पाण्यानं भरलेली बाटली बादलीत उलटी करून बघत बसले होते. "बसा. बघा कशी गचके देऊ राह्यली," म्हणाले. पत्राचा विषय संध्याकाळी निघाला.

भानुदासराव बाटल्यांचे साचे बनवतात. मूळचे भोकरदनकडचे. फवारणीचं औषध पंपात ओतताना बाटली उसळते आणि विष हातावर उडतं, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नाही. त्यांनी बाटलीच्या गळ्यात आतून पीळदार खाच पाडली. तिच्यातून हवा आत शिरते आणि औषध संथ धारेनं बाहेर येतं. पण असा गळा साच्यातून ओढला की फाटायचा. चार वर्षं फाटत राहिला. तेवढ्या काळात माणसं तीन पक्ष बदलतात. भानुदासराव साचे बदलत राहिले.

शेवटी गळा अखंड निघाला आणि पेटंट मिळालं. लगेच एका मोठ्या कंपनीनं हरकत घेतली : हवेची वाट जुनी, पीळ जुना, दोन्ही जोडणं या धंद्यातल्या कुणालाही सहज सुचेल. हे मान्य झालं तर पेटंट रद्द, आणि चार वर्षांची मेहनत कंपनीला फुकट.

इथं माझा अपराध येतो. पेटंट मिळाल्यावर आमच्या मंडळानं त्यांचा सत्कार केला. उत्तरादाखल ते म्हणाले, "माझं काय त्यात? कुणालाबी सुचलं असतं." आपल्याकडे सत्कारात असंच बोलायची रीत आहे. मी ते वाक्य स्मरणिकेत चौकटीत छापलं. कंपनीच्या वकिलांनी चौकटीचं भाषांतर पुरावा म्हणून दाखल केलं. माझ्या लेखनाची एवढी दखल कुणी कधी घेतली नव्हती.

तोंड लपवत शेडवर गेलो. भानुदासराव म्हणाले, "तुम्ही बराबरच लिवलं. म्या तसंच बोल्लो व्हतो. चहा घ्या."

सुनावणीत कंपनीच्या वकिलांनी त्यांना विचारलं, "हे सुचायला किती वेळ लागला?"

"सुचायला कुठं वेळ लागतो, साहेब? बसल्या बसल्या सुचलं."

आमच्या वकीलबाईंनी डोळे मिटले.

"मंग निघायला चार वर्षं लागली," भानुदासराव पुढं म्हणाले. "तुमच्या कंपनीचे सायब आल्ते ना शेडवर, त्यांना साचा दिल्ता. दिवसभर बसले. गळा न्हाई निघाला. मंग म्याच काढून दिला, जेवायची येळ झाल्ती म्हून."

निकाल अजून लागलेला नाही. तारखा पडतात, आम्ही जातो, येतो. कंटाळा आम्हाला येतो. ते नवीन साचा घासत असतात.

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या भानुदासरावांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. पेटंटाच्या मुदतीहून आणि आपल्या तारखांहूनही दीर्घ. हा लेखही दाखल होईल, म्हणून स्पष्ट लिहितो : हे कुणालाही सुचलं नसतं. आणि परवा होणाऱ्या पंचाहत्तरीच्या सोहळ्यात सत्काराला उत्तर देताना त्यांनी कृपा करून नम्र होऊ नये. "अवघड व्हतं" एवढंच म्हणावं आणि खाली बसावं.