साखर आणि शिकवणारे

साखरेवर शिकवायला निघालेल्या माणसांची मला किळस येते. मी चौथी नापास, पण झाशीच्या इंजिन-शेडात कोळसा मारत मारत ड्रायव्हर झालो. तपासणीत साखर निघाली तेव्हा रेल्वे इस्पितळातल्या डॉक्टरने सुनावलं, "ड्राइवर साहब, गोली लो, चावल कम करो, चलो-फिरो. अगली जाँच में यही रहा तो इंजन से उतार दूँगा." चलो-फिरो! जन्मभर फावडं मारलेल्या माणसाला! इंजिन गेलं तर शेडच्या फाटकावर स्टूल टाकून बसायचं, काल माझ्या हाताखाली राबणाऱ्या खलाशांना सलाम करत.

बड्या बाजारातले आपल्यातलेच, मराठी वैद्य म्हणाले, "भात सोडा, गहू सोडा, जवाची भाकरी खा आणि सकाळी उपाशीपोटी चाला." ग्वाल्हेरचा मेहुणा म्हणाला, "भाऊजी, धान्यच विष. काकडी खा." तिघेही छातीठोक. मला इंजिन हवं होतं, म्हणून तिघांचंही ऐकलं. रात्री नुसती काकडी खाल्ली, सकाळी गोळी गिळली आणि तरातरा निघालो. लक्ष्मी गेटपाशी हातपाय कापायला लागले, सदरा घामाने भिजला, दुकानं डोळ्यांपुढे हलायला लागली. हलवाई धावत आला. "बाबूजी, मुँह खोलिए!" म्हणत त्याने पाक तोंडात ओतला. साखरेच्या रोग्याला साखर! मी रस्त्यात बसून बाहीने तोंड पुसतोय आणि बघे हसतायत. थू!

घरी बायको म्हणाली, "अहो, तिघांनी तीन काढे दिले असते तर एकदम ढोसले असतेत का?"

"तू डॉक्टरीण कधी झालीस?"

ती सरळ मला इस्पितळात घेऊन गेली.

तिथे त्याच डॉक्टरकडून कळलं, उपाशीपोटी गोळीने साखर फारच उतरली होती; गोळी घेणाऱ्याने उपाशी चालायचंच नसतं. भात विष नाही, भाताचा ढीग वाईट. आधी भाजी, कोशिंबीर, वरण, मग मूठभर भात, आणि जेवून फेरफटका. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वरण-भाताने सुरू होणारं आमचं जेवण उलटं करायचं! बुंदेली शेजारी भात शेवटी घेतात म्हणून आम्ही त्यांना हसायचो, आता माझंच ताट तसं. कोशिंबीर संपल्याशिवाय बायको भाताचं पातेलं बाहेरच आणेना. शिव्या घालत जेवलो, पण जेवलो.

पुढच्या तपासणीत साखर उतरली. डॉक्टर खूश. "देखा? कितनी सीधी बात थी."

"सीधी थी तो पहले दिन पूरी क्यों नहीं बताई, साहब?"

त्याने चष्मा पुसला आणि माझ्या कागदावर 'फिट' लिहिलं. मी तिथून थेट शेडला गेलो आणि इंजिनावर चढलो.